नोकरीसाठी कोकणात एकटाच आहे, चर्चला जाणंही सुटलंय. श्रद्धेने एकटेपणा खरंच जातो का?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत येऊन आठ महिने झाले, खोलीवर बोलायला कोणी नाही, प्रार्थना भिंतीशी बोलल्यासारखी वाटते आणि रविवारी अनोळखी चर्चमध्ये पाऊल टाकायला संकोच वाटतो. मी वेंगुर्ल्याजवळ तीन वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

मी नगरकडचा, घर प्रोटेस्टंट, नोकरी बँकेत. बदली झाली ती जूनमध्ये. कोकणातला पहिला पाऊस एकट्या माणसाने पाहू नये, हे माझं ठाम मत आहे. वीज गेली की दोन-दोन दिवस नाही, गादीला बुरशी, चपलांना बुरशी, संध्याकाळी सातला बाजार चिडीचूप. मेसमध्ये बांगडा वाढला तर मला काटे काढता येईनात. सहकारी चांगले होते, पण शाखा बंद झाली की ज्याची त्याची वाडी. गणपतीत सगळा गाव मुंबईकरांनी भरला, आणि त्या गर्दीत तर मला आणखीच परकं वाटलं.

प्रार्थना मी सोडली नव्हती, उलट वाढवली होती. फोनवर एका वडीलधाऱ्यांनी निदान केलं, "विश्वास कमी पडतोय." हे वाक्य तुम्हालाही कोणीतरी ऐकवेल. ऐका आणि सोडून द्या.

त्यापेक्षा बायबलमधलं १ राजे, अध्याय १९ वाचा. एलीयासारखा संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. पुढे एलीया "मी एकटाच उरलो" असं रडगाणं गातो (दोनदा, शब्द न बदलता!), तेव्हा देव त्याला कामाला लावतो, अलीशासारखा सोबती देतो आणि वर सांगतो, तुझ्यासारखे सात हजार अजून आहेत. आधी जेवण-झोप, मग काम, मग माणसं. म्हणूनच सांगतो, तुमची झोप उडाली असेल, जगण्यातच रस उरला नसेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. त्याने विश्वासाला काही कमीपणा येत नाही.

आता चर्चचं. माझ्या खोलीजवळ होतं ते कॅथलिक. सिंधुदुर्गात कॅथलिक वस्ती जुनी, २००५ साली वेगळा धर्मप्रांतही झाला. आमच्याकडे उपासना, पाळक, प्रभुभोजन. इथे मिस्सा आणि फादर. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, काही कळेना. पण खरा घाव कम्युनियनच्या, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या वेळी बसला. सगळा बाक उठून रांगेत गेला. त्यांच्या नियमाप्रमाणे मला ते घेता येत नव्हतं. भरल्या चर्चमध्ये, रिकाम्या बाकावर मी एकटा. खोलीवरचा एकटेपणा परवडला, असं वाटलं. तरी पुढच्या रविवारी गेलो, कारण दुसरीकडे जाणार कुठे?

नंतर एका रविवारी मला ताप होता. त्याच्या पुढच्या खेपेला बाकावरची म्हातारी मावशी म्हणाली, "आयतवारी खय होतंस रे?" मी नव्हतो हे कोणालातरी दिसलं होतं. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर आहे ते एवढंच. श्रद्धेने माझ्या मनात काही चमत्कार केला नाही. तिने मला एका जागी दर आठवड्याला नेऊन बसवलं, आणि मग ती जागा रिकामी असली की लोकांना कळू लागलं.

पुढचं काम मावशीनेच लावलं. नोव्हेंबर होता, पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यांचा महिना. मिस्सा संपल्यावर ती म्हणाली, "माजो भाव हांथरुणार आसा, बँकेत कसो येतलो?" मॅनेजरांना विचारून मी फॉर्म घेऊन त्याच्या घरी गेलो. मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. मुलं मुंबईला नाहीतर गल्फमध्ये, आणि हे म्हातारे पडवीत. माणूस जिवंत आहे एवढं लिहून सही करायची, दोन मिनिटांचं काम. तासाभराच्या आत कोणी सोडत नसे. बांगड्याचे काटे काढायला मी यातल्याच एका घरी शिकलो.

नाताळात नेवऱ्या आल्या. पाहतो तर आमच्या करंज्याच! मे महिन्यात वाडीतल्या क्रुसाजवळ रात्री लादीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गाऊन केलेली प्रार्थना झाली, उकडलेले चणे वाटले, आणि कोणीतरी मला गायचा आग्रह केला. मला येतात ती ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं. तिथे ती कोणाला माहीत नव्हती. खरं तर टिळक कोकणातलेच, १८६१ सालचा जन्म करजगावचा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि घरदार तुटलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या १९०० साली. मधली वर्षं त्या माणसाने कशी काढली असतील, हा विचार मला पूर्वी कधी शिवला नव्हता. ते कोकणातून आमच्या नगरला आले, मी नगरहून कोकणात. दुसऱ्या कडव्याला झांज आली, तिसऱ्याला सगळे.

तेव्हा येत्या रविवारी जा. पंथ वेगळा असला तरी जा. दहा मिनिटं आधी पोचा आणि संपल्यावर लगेच पळू नका; खुर्च्या, सतरंज्या, काही ना काही उचलायचं असतंच. पहिल्या खेपेला कोणी बोललं नाही तर मनाला लावून घेऊ नका. माझ्याशीही पहिला शब्द तिसऱ्या रविवारी बोलले, तोसुद्धा मी दुसऱ्याचीच छत्री घेऊन निघालो होतो म्हणून.