चक्रधरचा राग आला, एवढ्यावर थांबू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

गेल्या काही महिन्यांत वाचलेल्या पुस्तकांवरची तुझी टिपणं मिळाली. सगळी वाचली, काही पुन्हा काढून वाचली. मत द्यायला तू कचरत नाहीस, याचं मला फार बरं वाटलं. पण ‘अप्रतिम’, ‘भिडली’, ‘अंगावर आली’, ‘रटाळ’ ही विशेषणं इतक्या वेळा आली आहेत की वरचं नाव झाकलं तर कोणतं टिपण कोणत्या पुस्तकाचं, हे ओळखता येत नाही. टिपण लिहून झालं की तूही नाव झाकून बघ. ओळखू आलं नाही तर पुस्तक पुन्हा उघड आणि जिथे थबकायला झालं होतं ते पान शोध. मत तिथून सुरू होतं.

सगळ्यात जास्त बोलायचंय ते ‘रणांगण’बद्दल. चक्रधरचा संताप आला म्हणून कादंबरी आवडली नाही, असं तू लिहिलंयस. संताप यायलाच हवा. पण माणूस आवडला नाही म्हणून कादंबरी फसली, असं कसं होईल? विश्राम बेडेकरांची ही छोटीशी कादंबरी १९३९ची आहे. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव मुठीत धरून निघालेले ज्यू, आणि त्यांच्यातच घरी परतणारा हा मराठी तरुण, चक्रधर. प्रेमावरचा विश्वास उडालेला, मनातून कडवट. त्या ज्यूंमधलीच हॅर्टा त्याच्यावर जीव टाकते. मुंबई आली की तो उतरतो आणि बोट तिला घेऊन पुढे जाते. त्याला उतरायला बंदर आहे, तिला नाही. सगळी कादंबरी या एका फरकावर उभी आहे, आणि तुझ्या टिपणात नेमका त्याचाच उल्लेख नाही.

आणखी एक बघ. हे सगळं चक्रधर स्वतः सांगतो. निवेदन त्याच्याच हाती आहे, तेव्हा स्वतःला सज्जन ठरवणं त्याला अवघड नव्हतं. तरी तो स्वतःचा कोतेपणा झाकत नाही. मग तुझा संताप नेमका कशावर आहे: त्याच्या वागण्यावर, की ते त्याने इतक्या उघडपणे सांगितलं यावर? तो उतरल्यानंतरची हॅर्टाची पत्रं पुन्हा वाच. ती वाचताना राग वाढतो, की त्याची जातच बदलते? मला दर वाचनात ती बदललेली दिसते. तुला तसं वाटलं नाही तर तसंच लिही, पण पत्रातली ओळ दाखवून लिही.

‘बनगरवाडी’त गोष्टच नाही, ही तुझी दुसरी तक्रार. ही तक्रार मी अनेक चांगल्या वाचकांकडून ऐकली आहे, त्यामुळे ती मी उडवून लावणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली आलेल्या या कादंबरीत एका माणसाची गोष्ट सांगितलेलीच नाही. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो, शाळेत पोरं नसतात, कारभाऱ्याच्या आधाराने ती हळूहळू जमतात. तालमीचं प्रकरण सावकाश वाच. मास्तराच्या डोक्यातून निघालेली तालीम सगळी वाडी राबून उभी करते, खुद्द राजा येतो. त्यानंतर पाऊस दगा देतो, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात. ज्या हातांनी भिंती उभ्या केल्या तेच हात पोटासाठी देशोधडीला लागले. गोष्ट आहे, पण ती वाडीची आहे. माणसांवर मास्तराने केलेली मल्लिनाथी किती थोडी आहे, तेही बघ. दुष्काळ इतका लागतो तो त्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

नंदा खऱ्यांच्या ‘उद्या’ या कादंबरीबद्दलचं तुझं टिपण वाचून मात्र वाईट वाटलं. वाचताना दमछाक झाली, पण साहित्य अकादमी मिळालंय म्हणजे आपलीच समज कमी, असं तू लिहितोयस. २०२०चा तो पुरस्कार खऱ्यांनी घेतला नाही. पुरस्कार घ्यायचे नाहीत हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. लेखकाने स्वतः जे बाजूला ठेवलं, त्याचं ओझं तू का घेतोस? दमछाक झाली तर कुठे झाली ते लिही. माणसं आणि धागे फार म्हणून, की माणसांवरची पाळत आणि कंपन्यांच्या मुठीत गेलेलं जगणं ओळखीचं वाटून नकोसं झालं म्हणून? ही दोन अगदी वेगळी कारणं आहेत. मला वाटतं तुझं दुसरं आहे, आणि तसं असेल तर ती कादंबरी तुला कळली आहे.

पुस्तक संपेपर्यंत मलपृष्ठ, प्रस्तावना, परीक्षणं काही वाचू नकोस. इतरांची मतं नंतर हवी तेवढी वाच. ग्रंथालयाच्या पुस्तकावर खुणा करायच्या नाहीत, म्हणून आत कागदाची एक पट्टी ठेव आणि तिच्यावर पान क्रमांक आणि दोन शब्द टाकत जा. टिपण त्या पट्टीवरून लिही, आठवणीवरून नको. आठवण सगळं गुळगुळीत करून टाकते.

आता उद्धव शेळक्यांची ‘धग’ घे. १९६०ची आहे. संवाद वऱ्हाडी आहेत, सुरुवातीला अडखळशील. ते मोठ्याने वाच, कानाला लवकर सवय होते. कौतिक ही बाई मराठी कादंबरीत मला सगळ्यात जवळची आहे, पण का, ते आत्ता सांगत नाही, नाहीतर माझंच मत घेऊन तू वाचायला बसशील. कौतिकचं कुठे पटलं नाही, पुस्तक कुठे मिटून ठेवावंसं वाटलं, ते पान क्रमांकांसकट कळव. मग माझं मत लिहितो.