दुबईत डेबिट कार्ड चालत नाही. घरच्यांना सोलापूरच्या शाखेत पाठवावं लागेल का?

नाही, बहुतेक वेळा शाखेत कुणाला पाठवायची गरज नसते. आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्ड सेटिंग उघडून 'आंतरराष्ट्रीय वापर' चालू आहे का ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त भारतातल्या एटीएम आणि स्वाइप मशीनपुरतं चालू असतं, परदेशासाठीचं बटण आपणच दाबायचं. एटीएम, दुकान आणि ऑनलाइन यांची बटणं वेगवेगळी, मर्यादाही वेगळी. ती शून्यावर राहिली असेल तरी व्यवहार फसतो. सोलापुरात बँकेच्या कार्ड कक्षात काम करतो, उमरा म्हणजे मक्केच्या यात्रेला किंवा दुबईला गेलेल्यांचे असे फोन सारखे येतात. दहातल्या सात-आठ जणांचं काम त्या एका बटणावर होतं.

बटण चालू असूनही नकार येत असेल तर संशयावरून कार्ड अडवलं असेल. मग फोन करावा लागेल, पण 1800 चे नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत. कार्डामागचा +91 वाला लावा. ओटीपीसाठी भारतातलं सिम रोमिंगवर हवंच.

मात्र 'कार्ड हरवलं' म्हणून तुम्हीच कायमचं बंद केलं असेल, तर ते परत सुरू होत नाही. नवंच मागवावं लागतं.