आकडा सांगून गप्प बसायचं

"मॅडम, एकोणीस वर्षं झाली एका जागी. आता स्वतःची एजन्सी काढावी असं वाटतं. पण या वयात हे शहाणपणाचं आहे का?"

करिअर समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकायला मिळतो. तो विचारणारे बहुधा चाळिशी ओलांडलेले असतात, घराचे हप्ते चालू असतात आणि मुलं आठवी-नववीत असतात. हे गृहस्थ 44 वर्षांचे होते. पुण्यातल्या एका जाहिरात कंपनीत आर्ट डायरेक्टर होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आकडेही थोडे इकडेतिकडे केले आहेत.) राजीनाम्याचं पत्र आठ महिने लॅपटॉपमध्ये पडून होतं. दर रविवारी ते उघडायचे, एखादा शब्द बदलायचे आणि बंद करायचे.

नोकरी सोडा किंवा सोडू नका, असं मी कुणालाच सांगत नाही. 'स्वप्नाच्या मागे धावा' छापाच्या व्हिडिओंनी आधीच पुरेसं नुकसान केलंय. मी आधी कागद-पेन काढायला लावते.

महिन्याचा खर्च 85 हजार, त्यात 38 हजारांचा गृहकर्जाचा हप्ता. बायको प्राध्यापिका, तिचे हातात 52 हजार. म्हणजे खड्डा 33 हजारांचा. मूळ पगार 60 हजार. ग्रॅच्युइटीचं गणित सरळ होतं: शेवटच्या मूळ पगाराला 15 ने गुणायचं, 26 ने भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. उत्तर आलं साडेसहा लाखांच्या थोडं वर. भविष्यनिर्वाह निधीला हात न लावता तो खड्डा जवळपास वीस महिने भरून निघत होता. आईचा मधुमेह कंपनीच्या गटविम्यात धरलेला होता, तेवढी एक खरी अडचण. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून राजीनामा देण्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते विचारायला सांगितलं. नोकरी सुटल्यावर हे आठवून उपयोग नसतो.

दोन बैठका या हिशेबात गेल्या. मला वाटलं, झालं. पण वीस महिने हा आकडा पाहूनही त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. माझं चुकलं होतं. ते 'पैशांची भीती वाटते' म्हणाले आणि मी पैसे संपण्याची भीती धरून बसले.

तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "समजा, मी मसाल्यांचा व्यवसाय करते. सहा मसाल्यांची पाकिटं नव्यानं करून हवीत. किती घ्याल?"

ते लगेच खुलले. कागदाचा पोत, मराठी अक्षरांचं वळण, दुकानातल्या फळीवर पाकीट कसं उठून दिसेल, दहा मिनिटं भरभरून बोलले. मी पुन्हा विचारलं, "किती घ्याल?"

"एक लाख ऐंशी हजार."

मी काहीच बोलले नाही, नुसती बघत राहिले. चौथ्या सेकंदाला ते म्हणाले, "म्हणजे... एक वीसमध्येही बसवता येईल. आपण बघू ना."

नुसतं गप्प बसून मी साठ हजार वाचवले होते. मी हे सांगितलं तेव्हा आधी ते हसले, मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

एकोणीस वर्षांत त्यांनी कोट्यवधींच्या मोहिमांना हात लावला होता, पण स्वतःच्या तोंडानं एकदाही पैसे मागितले नव्हते. ते काम क्लायंट सर्व्हिसिंगवाल्यांचं. यांनी लेआउट दाखवायचा आणि व्यवहाराचं बोलणं सुरू झालं की चहाला उठायचं. त्याआधीची गोष्ट घरातली. वडील सातारा जिल्ह्यातल्या एका गावात चित्रकलेचे शिक्षक होते. संध्याकाळी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पैशांचं विचारलं की म्हणायचे, "द्या सवडीनं." किराणावाला संक्रांतीला गुळाची ढेप पाठवायचा. "लोक बाबांना फार मानायचे," ते म्हणाले. आणि मग हळू आवाजात, "माझ्या फीसाठी आईनं पाटल्या मोडल्या."

चौथ्या बैठकीला पत्नीला बोलावलं. नोकरी सोडण्याला तिचा विरोध असणार, असं ते धरून चालले होते. ती म्हणाली, "तू नोकरी सोडशील याची मला भीती नाहीये. तू माझ्या मामेभावाला फुकट लोगो करून देशील, याची आहे." मग तिनं यादीच काढली. सोसायटीच्या गणपतीचा अहवाल बारा वर्षं, लग्नपत्रिका नऊ, एका डॉक्टरमित्राच्या दवाखान्याचं सगळं काम. मी मध्ये पडले नाही. ते खाली बघत होते, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

गृहपाठ साधा दिला. तीन महिने नोकरी चालूच ठेवायची. ओळखीतलं काम आलं तर नाही म्हणायचं नाही, पण बिल करायचं. पूर्ण रक्कम लिहायची, द्यायची असेल तर खाली सूट लिहायची, अगदी शंभर टक्केसुद्धा. गणेशमंडळाला पहिलं असं बिल गेलं: 25 हजार, सूट 25 हजार. कार्यकर्त्यांनी फोन करून विचारलं, "दादा, एवढं लागतं याला?" समोरच्याला किंमत कळली हे बरंच झालं. पण ती आधी त्यांच्याच हातानं कागदावर उतरली, मला हवं होतं ते हेच.

शिवाय दर बैठकीत पाच मिनिटं आकडा सांगून गप्प बसण्याचा सराव. सहाव्या वेळी ते वीस सेकंदांपर्यंत पोचले. तळहात घामानं ओले झाले होते.

त्यांनी पेपर टाकला तो दिवाळीच्या जाहिरातींची धांदल उरकल्यावर. पहिल्या वर्षी कमाई पगाराच्या निम्मी झाली आणि एक मोठं काम अर्ध्या पैशांत गेलं. नोकरी सोडू नये असा सल्ला हवा असेल, तर त्या वर्षाच्या डायरीत तो पानोपानी सापडेल.

मागच्या महिन्यात ते पुन्हा आले. एका क्लायंटनं बिल थकवलं होतं, 70 दिवस झाले होते. त्यांची एजन्सी 'उद्यम' या लहान उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेली आहे, ही नोंदणी फुकट होते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानुसार अशा लहान उद्योगाचे पैसे, करार काहीही असला तरी, 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. हे सगळं त्यांना पाठ होतं. फक्त ईमेल पाठवली नव्हती. मसुदा माझ्यासमोर ठेवला. मजकूर चोख होता, कायद्याचा उल्लेख बरोबर होता आणि शेवटी लिहिलं होतं, 'जमल्यास या आठवड्यात रक्कम पाठवावी.'

मी पेन पुढे केलं. त्यांनी 'जमल्यास' खोडलं.