गुजरातेत जामनगरजवळच्या नरारा बेटावर लेकरांना प्रवाळ दाखवायचेत. प्रवाळाला धक्का न लावता कसं बघावं? सनस्क्रीन चालतं का? (नांदेडहून द्वारकेला जाताना उतरणार आहोत)

पाण्यात उतरायच्या आधीच गाईडला सांगा, "काही उचलून दाखवू नका." लाजू नका. नरार्‍याच्या फोटोंत तळहातावर फुगलेला पफर मासा हमखास असतो. आमचे लातूरचे साडू अजून वाद घालतात, "गाईडनंच हातात दिला, मग आपलं काय चुकलं?" चुकलं ते असं. हा मासा घाबरला की पाणी गिळून फुगतो. बाहेर काढला तर हवा गिळतो, आणि ती सहजी निघत नाही. परत सोडला तरी पोट वर करून तरंगतो, बगळ्याला आयता घास. समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा मऊ समुद्री जीव) जास्त छेडली तर आतडीच बाहेर टाकते. हे १९८२ पासूनचं राष्ट्रीय उद्यान आहे, जत्रेतला खेळ नाही. मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही.

तारीख तिथी बघून ठरवा. पौर्णिमा-अमावस्या आणि पुढचे एक-दोन दिवस ओहोटी खूप खाली जाते, अष्टमीच्या आसपास पाणी फारसं हटत नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा दिवसाउजेडी येणारी निवडा. पाणी तळाला जायच्या दीड-दोन तास आधी आत शिरा, भरती फिरली की लगेच मागं. सपाट जागेत पाणी भराभर चढतं.

पायात मागून पट्टा असलेली जाड तळव्याची सँडल हवी, साधी चप्पल चिखलात राहते. वाळू किंवा उघड्या खडकावरून एकामागं एक चाला. गाळ ढवळला तर मागच्याला काही दिसत नाही आणि तोच गाळ प्रवाळावर बसतो. तो झटकण्यात प्रवाळाची ताकद जाते. बोट लावलं तर त्यावरचा चिकट थर निघतो, रोग तिथूनच शिरतो. काही प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. दगड उलटवू नका, खालच्या बाजूची अंडी उन्हात वाळतात.

सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा शर्ट अन् डोक्याला दस्ती. लावायचंच तर ऑक्सिबेंझोन (प्रवाळाला घातक मानलं जाणारं रसायन) नसलेलं, झिंक ऑक्साइडवालं.

सगळेच गाईड जीव उचलून हातात देणारे नसतात हेही खरं, नीट सांगितलं तर बरेच ऐकतात. गाईडशिवाय मात्र जाऊ नका. परवानगी आणि त्या दिवशीची वेळ जामनगरच्या वनखात्याकडून आधी विचारून घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा.