पोटऱ्या भरून आल्यात? बर्फ असा लावा

लांब पळाल्यानंतरचं दुखणं 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त जाणवतं आणि सहसा आपोआप उतरतं. बर्फाने फक्त ठणका कमी होतो. पिशवीत बर्फाच्या तुकड्यांसोबत थोडं पाणी घाला, म्हणजे ती पोटरीवर नीट बसते. मध्ये पातळ पंचा हवाच; 10 ते 15 मिनिटं पुरे. फ्रीजरमधला जेलपॅक शून्याखाली असतो, त्याने त्वचेला लवकर इजा होते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या हाडाच्या उंचवट्यावर, पिशवी आवळून बांधू नका. तिथे नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) अगदी वरवर असते, पाऊल लुळं पडू शकतं. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर बर्फ टाळाच. स्नायू वाढवण्यासाठी वजनं उचलत असाल, तर प्रत्येक व्यायामानंतर थंड पाण्यात बसू नका; वाढ मंदावते.