२३ किलोत डायव्हिंगचं सामान बसवायचं कसं?

ताई, दोन वर्षं भाड्याच्या सामानावर डायव्हिंग केलं. दर वेळी वेगळाच बीसीडी (पाण्यात वर-खाली होण्यासाठी हवा भरायचं जॅकेट) आणि कुणीतरी चावून चावून ठेवलेला माउथपीस, वैताग आलाय, म्हणून आता स्वतःचं घेतोय. पण विमानात चेक-इनला २३ किलो आणि हातात ७, त्यात कपडेही बसवायचे. मग सगळंच 'ट्रॅव्हल'वालं लाइटवेट घेऊ का?

सगळंच नको हो. 'ट्रॅव्हल' शिक्का असलेली प्रत्येक वस्तू घ्यायला लागलात तर खिसा हलका होईल, बॅग मात्र फारशी नाही. आधी एक काम करा, बॅग लटकवून मोजायचा छोटा डिजिटल काटा मिळतो तो घ्या आणि दुकानात सोबत न्या, लाजू नका. कंपनी जे वजन छापते ते कुठल्या साइझचं आहे आणि त्यात खिसे-पट्टे धरलेत की नाही हे बऱ्याचदा कळतच नाही.

आणि पहिली वस्तू मोजायची ती बॅग! डायव्हिंगची म्हणून चाकांची, कडक तळाची मोठी बॅग घेतली की ती रिकामीच ४-५ किलोची निघते, म्हणजे एक अख्खा बीसीडी तुम्ही सामान भरायच्या आधीच वाया घालवलात. साधी मजबूत डफल दीड किलोच्या आत मिळते. पाठ दुखत असेल तर चाकं घ्या, नाहीतर नका घेऊ.

त्यानंतर खरी बचत बीसीडीत. नेहमीचा जॅकेट बीसीडी ४ किलोच्या आसपास असतो आणि प्रवासाचा २ ते ३. पाठीमागची कडक प्लास्टिकची पाटी जाते, गादी पातळ होते, खिसे लहान होतात, धातूच्या रिंगा जाऊन प्लास्टिकच्या येतात, वजन असं कमी होतं. लिफ्टही कमी होते, म्हणजे पूर्ण फुगवल्यावर तो किती भार वर धरून ठेवतो ते. गरम पाणी, ३ मिमीचा सूट आणि एकच अॅल्युमिनियमचा टँक असेल तर ती पुरते. जाड सूट घालून कमरेला भरपूर शिसं बांधणार असाल तर आकडा नीट बघून घ्या.

आता एक गोष्ट जी दुकानदार क्वचितच सांगतो. काट्यावरचं वजन वेगळं आणि पाण्यातलं वेगळं. जाड गादीचा बीसीडी काट्यावर जड भरतो आणि पाण्यात मात्र तरंगतो, मग त्याला बुडवायला तुम्ही आणखी एखाद किलो शिसं लावता. जमलं तर घ्यायच्या आधी तो पाण्यात दाबून, आतली सगळी हवा काढून, सोडून बघा, जो स्वतःच हळूहळू खाली जातो तो चांगला. बॅकप्लेटचंही (बीसीडीच्या जॅकेटऐवजी पाठीला बांधायची पाटी) तेच, स्टीलची प्लेट अडीच-तीन किलोची आणि अॅल्युमिनियमची साधारण १ किलोची. स्टीलची प्लेट पाण्यात शिशाचं काम करते म्हणून ती लोकांना आवडते (मलाही), पण शिसं तर डायव्ह सेंटरवर मिळतंच ना, मग ते विमानातून कशाला वाहायचं? प्रवासाला अॅल्युमिनियमची किंवा कापडी. फक्त पहिल्या डायव्हच्या आधी वेट चेक (किती शिसं लागतं ते पाण्यात बघणं) नव्याने करा, घरच्या सेटअपचा आकडा इथे चालणार नाही, आणि अॅल्युमिनियमचा टँक हवा संपत आली की वर ओढायला लागतो हे धरून करा.

रेग्युलेटरमध्ये, म्हणजे टँकमधली हवा तोंडाशी आणतो त्यात, मी वजनाच्या मागे लागत नाही, फरक काही शे ग्रॅमचाच असतो. तो टँकला जोडायच्या दोन पद्धती, डिन (स्क्रूसारखं फिरवून) आणि योक (क्लॅम्पने); डिन फिटिंग योकपेक्षा हलकं असतं, पण वर योकचा अॅडाप्टर बाळगावा लागला तर ती बचत जवळजवळ जातेच. त्यापेक्षा रबरी होज काढून विणलेले लावा, आणि तो तीन घड्याळांचा कन्सोल असतो ना, त्याच्या जागी छोटं प्रेशर गेज लावा, ते जास्त परवडतं. फार हलका रेग्युलेटर घेताना दोन गोष्टी विचारा. पाणी १० अंशांच्या खाली असेल तर चालतो का? बरेच हलके मॉडेल चालत नाहीत, थंड पाण्यात ते गोठून हवा सोडत सुटतात. आणि टायटॅनियमचा असेल तर नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा) किती टक्के ऑक्सिजनपर्यंत? साधारण ४० टक्क्यांच्या वर टायटॅनियम वापरत नाहीत, जास्त ऑक्सिजनमध्ये तो धातू पेट घेऊ शकतो.

ते ७ किलो कुणाला द्यायचे म्हणाल तर रेग्युलेटर, मास्क आणि डायव्ह कॉम्प्युटर (पाण्यातली खोली आणि वेळ दाखवतो तो). चेक-इनची बॅग हरवली तर बीसीडी आणि फिन्स भाड्याने मिळतील, पण चेहऱ्याला नीट बसणारा मास्क नाही मिळत. नंबरची काच असेल तर विचारूच नका.

फुल-फूट फिन्स घ्याव्या की बूट घालून घालायच्या ओपन हील? माझी बहीण म्हणते फुल-फूटच, अर्धं वजन वाचतं.

बोटीवरून उडी मारून परत बोटीवरच चढणार असाल तर बहीण बरोबर आहे, बूट नाही, पट्टे-बकल नाही. पण खडकांवरून चालत पाण्यात जायचं असेल तर पाय सोलवटतील आणि मग ते वाचलेलं एक-दीड किलो आठवत बसाल. बाकी लांबी बॅगेच्या आत तिरकी मोजा, दुकानात छोटी वाटणारी फिन बॅगेत अचानक मोठी होते. अगदी आखूड फिन्स करंटमध्ये दमवतात, तिथे हट्ट करू नका.

टॉर्च आणि चाकू विमानात चालतात का? आणि एक छोटा पोनी टँक (जादा हवेचा) न्यायचाय.

चाकू चेक-इनमध्ये, टोक नीट झाकून. खरं तर लाइन कापायला छोटा कटर पुरतो, तोही चेक-इनमध्येच टाका. टॉर्चची सुटी लिथियम बॅटरी मात्र उलट, ती चेक-इनमध्ये अजिबात नाही, केबिनमध्येच, आणि टोकांवर टेप किंवा प्रत्येक सेल वेगळ्या डबीत. मर्यादा १०० वॉट-अवर, १०० ते १६० च्या मधल्या असतील तर एअरलाइनची परवानगी आणि जास्तीत जास्त दोन, १६० च्या वर नाहीच. बॅटरीवर वॉट-अवर लिहिलेले नसतील तर व्होल्टला अँपिअर-अवरने गुणा. ३.७ व्होल्ट, ३४०० एमएएचचा नेहमीचा सेल जेमतेम १२.६ भरतो, काळजीच नाही, पण १४.८ व्होल्ट आणि ७ अँपिअर-अवरचा पॅक १०३.६ होतो आणि तुम्ही काउंटरवर अडकता. टॉर्चमधून बॅटरी काढूनच ठेवा, डायव्ह लाइट बॅगेत चुकून चालू झाला तर कपडे जाळेल इतका तापतो. कॅमेऱ्याचं हाउसिंग (पाण्यात न्यायचा बंद डबा) असेल तर त्याची मुख्य ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी रिंग) काढून न्या, नाहीतर हवेच्या दाबाने ते असं घट्ट बसतं की पोहोचल्यावर उघडता उघडत नाही.

टँक घरी ठेवा. भरलेला तर नेताच येत नाही, आणि रिकामा न्यायचा तर बऱ्याच ठिकाणी व्हॉल्व्ह काढून आतून दिसेल असा लागतो, म्हणजे तिकडे गेल्यावर तो परत बसवणार कोण, तपासणार कोण? तिथेच भाड्याने घ्या.

जाताना बॅग बरोबर २२ किलो होती, येताना २५! काहीच खरेदी केली नव्हती.

पाणी आणलंत तुम्ही. माझंही झालंय, शेवटच्या दिवशीचे ओले बूट आणि सूट तसेच कोंबले होते, मग चेक-इन काउंटरसमोर बॅग उघडून, रेनकोटच्या खिशात फिन्सचे पट्टे आणि शिट्टी भरून, ओले बूट हातात घेऊन मी उभी. मागची रांग बघत होती, वासही येत होता.

डायव्ह आणि फ्लाइटमध्ये अंतर ठेवावंच लागतं, एकच डायव्ह केली असेल आणि डिकॉम्प्रेशन स्टॉप, म्हणजे डेको (वर येताना मध्येच थांबावं लागणं), लागला नसेल तर किमान १२ तास, लागोपाठ दिवस किंवा दिवसात अनेक केल्या असतील तर किमान १८, डेको केला असेल तर त्याहून बरंच जास्त. मी सरळ २४ धरते. हा वेळ शरीरासाठी आहे, पण त्यातच सामानही वाळतं. शेवटची डायव्ह झाली की लगेच गोड्या पाण्यात धुवा, बीसीडीच्या आत शिरलेलं पाणी उलटा धरून काढा (अर्धा लिटर सहज निघतं, म्हणजे अर्धा किलो), मग थोडा फुगवून सावलीत टांगा. सूट आधी आतून बाहेर उलटा करून, मग सुलटा. बूट सगळ्यात शेवटी वाळतात, म्हणून शेवटच्या दिवशी मी शक्यतो बोटीची डायव्ह निवडते आणि बूट आदल्या दिवशीच धुऊन टाकते. रेग्युलेटर धुताना मात्र फर्स्ट स्टेजची (टँकला जोडतो तो भाग) डस्ट कॅप कोरडी करून घट्ट लावलेली आहे ना ते बघा, आणि सेकंड स्टेज (तोंडात धरतो तो भाग) पाण्यात असताना त्याचं पर्ज बटण (हवा सोडायचं) दाबू नका, पाणी होजमधून वर जातं.