आजी खिडकी का लावते?

प्रश्न: ताई नमस्कार, मी नागपूरची, महालात राहते. माझी आजी ८४ वर्षांची आहे. घरात कोणी सरकारबद्दल जरा मोठ्यानं बोललं की ती उठून आधी खिडकी लावते आणि म्हणते, "हळू बोल ना वं, कोणी ऐकून राहिलं असन." परवा भाचीच्या शाळेत फळ्यावर 'अनुशासन' लिहिलेलं दिसलं तर तिनं तोंडच फिरवलं. साध्या शब्दाची कोणी एवढी धास्ती घेतं का?

उत्तर: घेतं गं. आणि तिच्यासाठी तो साधा शब्द राहिलाच नव्हता. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली, लगेच पेपरांवर सेन्सॉर बसलं, म्हणजे छापायच्या आधी मजकूर दाखवायचा, पास झाला तरच छापायचा. २८ जूनला इंडियन एक्सप्रेसनं अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, तर पुढे तशी कोरी जागा सोडायचीही सोय राहिली नाही, गप्प बसलात हे दिसताही कामा नये!

आता 'अनुशासन'चं ऐक, ते तर आपल्या शेजारचंच आहे. वर्ध्याजवळ पवनारला विनोबा तेव्हा वर्षभराच्या मौनात होते. 'अनुशासन पर्व' हे त्यांचे दोन शब्द सरकारनं उचलले आणि विनोबांचा आणीबाणीला आशीर्वाद आहे म्हणून सगळीकडे लावले. मौन सुटल्यावर, जानेवारी १९७६ च्या आचार्य संमेलनात विनोबांनी फोड करून सांगितलं की शासन सत्तेचं असतं, अनुशासन आचार्यांचं, पण पोस्टरवरचा शब्द लोकांच्या डोक्यात बसून गेला होता. त्याच वर्षी जूनमध्ये पवनारच्या आश्रमातून 'मैत्री' मासिकाचे अंक पोलिसांनी जप्त केले, त्यात गोहत्याबंदीसाठी विनोबा उपोषण करणार ही बातमी होती. म्हणजे बघ, शब्द त्यांचा मिरवायचा आणि बोलणं त्यांचंच दाबायचं. मला याचा आजही संताप येतो.

आमच्या शेजारचे काका तेव्हा मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवायच्या कायद्याखाली, जेलमध्ये होते. दूधवाल्यानं विचारलं की आई म्हणायची, "गावाला गेले." काकूही तेच सांगायच्या. मी सात वर्षांची, काकू रात्री रडायच्या ते भिंतीतून ऐकू यायचं, म्हणून माझ्या डोक्यात 'गावाला जाणं' म्हणजे काहीतरी भयंकर असं पक्कं झालं. उन्हाळ्यात बाबा म्हणाले, चला गावाला जाऊ, तर मी त्यांचा पाय धरून इतकी रडले की शेवटी आईनं मला आत नेऊन खरं काय ते कानात सांगितलं, आणि वर बजावलं, कोणाला बोलायचं नाही. मी शाळेत कितीतरी दिवस कोणाशी धड बोललेच नाही.

म्हणून आजीला हसू नकोस आणि "आता तसं काही नाही गं आजी" असं समजावतही बसू नकोस. तिला खिडकी लावू दे. मग जवळ बसून हळूच विचार, तेव्हा आपल्याकडचं कोण गावाला गेलं होतं?